मुंगीची हाक

माझी लेक कारखान्यात सगळ्यांत तिखट कानाची आणि घरात ठार बहिरी, हा आमच्याकडे कितीतरी वर्षं थट्टेचा विषय होता. जावई म्हणायचा, "आई, तुमच्या पोरीला माझंच तेवढं ऐकू येत नाही. माहेरून शिकवून पाठवलीत की काय?" तीही हसायची. त्याचं बोलणं ऐकून नाही, आमच्या तोंडावरचं हसू बघून हसायची. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ती मागावर काम करायची. मी तिला कॉलेजात घातलं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना मैत्रिणीबरोबर कापडाचा कारखाना बघायला गेली आणि तिथलीच झाली. सूत धरायला तिचा हात जन्मापासूनच तयार असावा. तुटलेला धागा बोटांच्या दोन हालचालींत असा जोडायची की गाठ कुठे आहे ते मला चष्मा लावूनही सापडायचं नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली बाई, मला शांततेची सवय. पहिल्यांदा तिच्या विणाईच्या खात्यात पाऊल टाकलं तेव्हा कोणीतरी छातीवर पाट्या आपटतंय असं वाटलं. दुतर्फा मागांच्या रांगा, पायाखालची जमीन थरथरतेय, हवेत सुताची धूळ. माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती, नाहीतर सरळ हातानं खुणा करत होती. आणि त्या कल्लोळात माझी लेक मात्र घरात बोलावं तशी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं. तिला मात्र तीन माग पलीकडून मारलेली हाक कळत होती.

तिथले माग दुरुस्त करणारे एक जुने जॉबर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांनी माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "बाई, ही पोरगी म्हणजे आमच्या खात्याचा कान! कोण कुठून ओरडलं ते हिलाच पहिलं समजतं!"

मला अभिमान वाटला. आईच ती. कशाचाही वाटतो.

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत तिला घरात कमी ऐकू यायला लागलं. दाराची बेल वाजायची आणि ही तिथेच बसून भाजी निवडत राहायची. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर न्यायची. टीव्हीचा आवाज इतका, की शेजारीण खिडकीतून म्हणायची, "आमचा टीव्ही बंद केला हो, तुमच्यावरच भागतं." आणि स्वतः बोलायची मात्र हळू, अगदी कुजबुजल्यासारखं. मी म्हणायची, "अगं, जरा मोठ्यानं बोल की." ती म्हणायची, "किती मोठ्यानं बोलू? माझ्याच डोक्यात घुमतंय."

काळजी मी केली, माझा तो धंदाच आहे. पण कारखान्यात या गोष्टीची कोणालाच काळजी नव्हती. मागावर दहा-बारा वर्षं काढली की कान जातात, हे तिथे हाताला घट्टे पडण्याइतकं साधं होतं. त्याला त्यांचा शब्दही होता. माग कानात बसला, असं म्हणायचे. ज्याच्या कानात माग बसला तो पक्का विणकर. तिनं जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, तेव्हा मामांनी सगळ्यांना चहा पाजला आणि हिच्या पाठीवर थाप मारली, "झालीस गं पक्की! फार लवकर झालीस!" ती घरी आली ती बक्षीस मिळाल्यासारखी. औषध नाही, उपाय नाही, आणि लाज तर मुळीच नाही. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

माग कानात बसलेल्या माणसाला गोंगाटात आणखी कमी ऐकू येतं. मामांना स्वतःला खात्यात काहीच कळायचं नाही, सगळं खुणांवर चालायचं. हिला मात्र गोंगाटातच चांगलं कळायचं. ही उलटी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि सगळे तिच्यावर टाळ्या देत होते.

तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तपासणीला आम्ही तिघं गेलो होतो, ती, जावई आणि मी. छोटी खोली, पडदा लावलेला, यंत्राचा निळसर उजेड. डॉक्टरनं तिच्या पोटावर थंड मलम लावून ते उपकरण फिरवलं आणि म्हणाली, "थांबा हं, आता ठोके ऐकवते." आणि खोलीभर तो आवाज आला. घोडं दौडत यावं तसा, भरभर. जावई तोंडावर हात ठेवून उभा राहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली. माझी लेक आडवी पडून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरकडे बघत होती.

"सुरू झालं का?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं यंत्राचा आवाज आणखी वाढवला.

"अहो, सांगा ना. सुरू झालं का?"

जावयानं तिचा हात धरला आणि त्या ठोक्यांच्या तालावर तिच्या तळव्यावर बोट आपटत राहिला. ती मग हसली. मी पडद्याकडे तोंड करून उभी राहिले.

त्याच डॉक्टरनं आम्हाला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या बाई मध्यम वयाच्या, बोलायला सावकाश. लेकीच्या समोर बसून, तोंड तिला दिसेल असं ठेवून बोलत होत्या. कान तपासले. पडदा छान आहे म्हणाल्या, मळ नाही, पू नाही. मग विचारलं, "गर्दीत, गोंगाटात कसं ऐकू येतं?"

"तिथे तर सगळ्यांपेक्षा चांगलं येतं," लेक म्हणाली. "खात्यात मला कान म्हणतात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. खणातून दोन पायांचा, चिमट्यासारखा एक लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि थरथरता तिच्या कानासमोर धरला. "येतंय ऐकू?" लेकीनं मान हलवली, नाही. मग त्याच काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. लेक एकदम दचकली. "आई गं! केवढ्यानं!" आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो आजही विसरू शकत नाही.

बंद खोलीतली लांबलचक तपासणी झाल्यावर बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात. आवाज पडद्यावर आदळला की ती एकामागून एक हलतात आणि तो आत पोचवतात. त्यातलं शेवटचं, घोड्यावर बसताना पाय ठेवतात त्या रिकिबीच्या आकाराचं, तांदळाच्या दाण्याहून लहान. आतल्या कानाला एक छोटी खिडकी असते, तिथे ते बसतं आणि दट्ट्यासारखं आत-बाहेर होतं. हिच्या कानात त्या खिडकीच्या कडेनं नवं हाड वाढलंय आणि रिकीब जाम झालीय. आतला कान बराचसा चांगला आहे, म्हणून हाडावर टेकवलेला काटा ऐकू आला. पण बाहेरचा आवाज दारातच अडतो.

"म्हणजे माग नाही बसला?" लेकीनं विचारलं.

"मागानं थोडा त्रास दिला असेल. पण मुख्य दोष हा. ऑटोस्क्लेरोसिस म्हणतात याला. तरुणपणीच सुरू होतो, बायकांत जास्त दिसतो, पुष्कळदा घराण्यात असतो. गोंगाटात ऐकू येतं ते यामुळेच. खात्यात लोक तुमच्याशी ओरडून बोलतात, तेवढा आवाज तुम्हाला पोचतो. बाकीच्यांचे कान मागांच्या खडखडाटानं भरलेले असतात, तुमच्यापर्यंत तो खडखडाट फारसा येतच नाही."

घराण्यात. मला माझी आई आठवली. चाळिशीतच तिला हाका ऐकू यायच्या नाहीत आणि आम्ही म्हणायचो, कामात असते. तीही हळूच बोलायची.

"बाळंतपणानं वाढेल का हो हे?" मी विचारलं.

"काही जणींचं वाढतं, काहींचं नाही. खात्रीनं नाही सांगता येत."

मग उपाय सांगितले. एक, कानात घालायचं यंत्र. हिच्यासारख्या कानाला ते छान उपयोगी पडतं, आजपासून वापरता येईल. दुसरा, शस्त्रक्रिया. जाम झालेल्या रिकिबीचा वरचा भाग काढायचा, तळाला सुईएवढं भोक पाडायचं आणि तिथे नवा बारीक दट्ट्या बसवायचा. ती मात्र बाळंतपणानंतर आणि एका वेळी एकच कान. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हेही बाईंनी तेवढ्याच स्पष्ट सांगितलं.

लेकीनं एकच विचारलं. "बाळ मला हाक मारेल, तेव्हा मला ऐकू येईल ना? मी पाठमोरी असले तरी?"

"त्यासाठीच तर करायचं," बाई म्हणाल्या.

यंत्र तिनं घेतलं नाही. थोड्या महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणाली, एकदाच नीट करून घेऊ. मलाही तसंच वाटलं. पाठमोरी असताना ऐकलेली हाक, एवढंच तिला हवं होतं. ती वाट बघायला लागली.

मुलगी झाली. सारखी कुठेतरी सरपटत निघालेली, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. मी त्यांच्याकडेच राहायला गेले, कारण पोर रडली तरी आईला कळायचं नाही. लेकीला ते सहन व्हायचं नाही. तिनं तिच्या धंद्यातली युक्ती काढली. मागावर ताण्याचा, उभ्या सुताचा, एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तिनं सुताचा एक लांब धागा पाळण्याच्या झोळीला बांधला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. मुंगी हातपाय झाडायला लागली की धागा ओढला जायचा आणि ही हातातलं काम टाकून पळायची. एकदा मी पाळण्याकडे जायला निघाले तर माझ्याआधी पोचली आणि म्हणाली, "बघ, तुझ्या कानांपेक्षा माझा हात पुढे!" स्वयंपाकघरापासून पाळण्यापर्यंत तो पांढरा धागा हवेत असायचा. जावई त्याखालून वाकून जायचा आणि म्हणायचा, "आई, घरात चालायचं तरी कसं? एक दिवस मलाच विणून टाकेल ही."

मग मुंगी रांगायला लागली. रांगणाऱ्या पोरीला धागा कसा बांधणार? तो एक दिवस गुंडाळून खिडकीत ठेवला गेला.

शस्त्रक्रिया उजव्या कानावर ठरली, तो जास्त खराब होता म्हणून. पूर्ण भूल नव्हती, फक्त कानापुरती बधिर. बाहेर आणल्यावर लेकीनं माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. "आई, मला टेबलावरच ऐकू आलं. ट्रेमध्ये त्यांनी काहीतरी ठेवलं ना, ते खणकन वाजलं! बाई मागून बोलल्या, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि मी उत्तर दिलं!" मग कानात बोळे भरून पट्टी बांधली होती. ती एवढंच सारखं सांगत होती. खणकन वाजलं.

लहान मुलांना तिथे आत सोडत नव्हते. मुंगी घरी शेजारणीपाशी होती.

घरी पाठवताना सांगितलं, नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, काही आठवडे जड उचलायचं नाही. मुंगीही जडातच आली. मुंगी तिच्याकडे हात पसरायची, ही पलंगावर ताठ बसलेली, आणि मी मधल्यामधे पोरीला उचलायची. काही दिवस गेले आणि एका सकाळी लेक उठून बसली ती भिंतीला धरून. "खोली फिरतेय," म्हणाली. कानात शिट्टी वाजतेय म्हणाली. दवाखान्यात नेलं. आतल्या कानाला सूज आली होती. औषधं दिली, इंजेक्शनं दिली, पडून राहायला सांगितलं. चक्कर हळूहळू थांबली. शिट्टी राहिली. बोळे काढून तपासलं, तेव्हा त्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. तो काटा कानामागच्या हाडावर टेकवला तर म्हणाली, "येतंय, पण या कानात नाही. पलीकडून येतंय."

बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही सावकाश होता. शस्त्रक्रियेत काही चुकलं नव्हतं, तरीही असं होतं. तो कान आता परत येणार नाही. आणि दुसऱ्या कानाला हात लावायचा नाही, कारण आता तो एकच उरलाय. त्यात यंत्र घालायचं.

लेकीनं सगळं त्यांच्या ओठांवरून वाचलं. "खणकन वाजलं होतं हो," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं."



यंत्र घरी आलं आणि डबीतच राहिलं. किती समजावलं. जावयानं एकदा ती डबी हातात घेऊन म्हटलं, "अगं, एवढंसं तर आहे, शेंगदाण्याएवढं. घाल ना माझ्यासाठी. मी किती गोड बोलतो ते तरी कळेल." ती हसली नाही. उरलेल्या कानात काही घालायची तिला भीती वाटत होती. आतून कोणीतरी म्हणत असणार, तोही गेला तर? तर्कानं ही भीती जात नाही, मला ठाऊक आहे. मी स्वतः अशीच आहे. ती कामावरही परत गेली नाही. मामा भेटायला आले. दोघं समोरासमोर बसून खात्यातल्या खुणांनी बोलत राहिली. जाताना मामांनी दाराशी माझ्याजवळ डोळे पुसले, "चहा पाजला होता हो मी. चहा पाजला होता."

याच महिन्यांत मुंगी बोलायला लागली.

पहिला शब्द तिनं मला उद्देशून काढला. आऊ. मी रोज तिला भरवत होते, झोपवत होते, पडली तर उचलत होते. तिनंच मला ते नाव दिलं. मग बाबा म्हणायला लागली. शेजारणीला आत्ती. दाराशी येणाऱ्या मांजरालाही एक नाव होतं. प्रत्येकाला हाक होती. आईला नव्हती. आईला हाक मारून उपयोग नाही, हे त्या एवढ्याशा जिवाला कोणी न सांगता कळलं होतं. आई हवी असली की मुंगी तिच्यामागे जाऊन कुर्त्याचं टोक ओढायची. मांडीवर चढली की तिची हनुवटी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवायची आणि मगच तोंड उघडायची. बघणाऱ्याला ते गोड वाटायचं. पाहुणे म्हणायचे, काय हुशार आहे पोर!

लेकीनं एक दिवस ते पाहिलं. म्हणजे रोजच बघत होती, पण त्या दिवशी तिला ते दिसलं. मुंगी अंगणात होती, शेजारीण, जावई, मांजर, प्रत्येकाकडे वळून तोंड उघडत होती आणि ती माणसं वळत होती. मग आईपाशी आली, आणि ओठ मिटून टोक ओढलं. लेक तशीच उठली, आत गेली आणि डबी उघडली.

मी आणि जावई तिच्या पाठोपाठ आत जाऊन खोलीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलो. तिनं यंत्र डाव्या कानात बसवलं, बटण दाबलं, आणि खांदे आक्रसून घेतले. नळ ठिबकत होता, तिकडे बघितलं. जावई म्हणाला, "काय गं?" तर ती झटकन वळली. किती वर्षांनी ती त्याच्या आवाजावर वळली असेल! "तुमचा आवाज असा आहे?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत विसरलेच. मला वाटायला लागलं होतं, जाड आहे." आम्ही तिघंही हसायला लागलो, रडायलाही लागलो.

आणि अंगणातून हाक आली. स्वच्छ, लांबलेली. लेकीची पाठ दाराकडे होती. तिनं ती ऐकली. मी तिच्या चेहऱ्यावर ते पाहिलं, काट्याच्या वेळी पाहिलं होतं तसंच. ती दाराकडे वळून गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले.

"आऊ!" मुंगी धावत आली, तिच्या पसरलेल्या हाताच्या बाजूनं गेली आणि माझ्या पायांना बिलगली.

मी तिला उचललं नाही. पण तोवर उशीर झाला होता. लेकीनं जमिनीवरचं काहीतरी वेचायला वाकल्यासारखं केलं.

त्यानंतर ती रोज यंत्र घालते. मुंगीकडे पाठ करून मुद्दाम बसते, सुताचं काहीतरी हातात घेऊन, आणि थांबते. पोर मागे येते. तिच्या पावलांचा आवाज लेकीला येतो, हे मला तिच्या ताठ झालेल्या मानेवरून कळतं. ती वळत नाही. वाट बघते. आणि मग कुर्त्याचं टोक ओढलं जातं. "मला ऐकू येतं गं आता," ती मुंगीला सांगते. "हाक मार ना. मार ना गं." पोर हसते आणि तिची हनुवटी धरते.

मीच म्हटलं, मी जाते काही दिवस. लेक म्हणाली, "असं काही नाही आई, तू राहा." पण थांब म्हणून दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

निघताना फाटकापर्यंत जावई पिशवी घेऊन आला. मागून हाक आली. आऊ. मग पुन्हा, मोठ्यानं, रडव्या आवाजात. आऊ! माझे कान अजून शाबूत आहेत. मला प्रत्येक हाक आली. मी मागे बघितलं नाही. दार उघडल्याचं ऐकलं, लेकीची पावलं ऐकली, तिनं पोरीला उचलल्याचं आणि पोरीनं हातपाय झाडल्याचं ऐकलं. फाटकाची कडी जावयानं लावली.

आता माझ्या घरात, आजूबाजूला निजानीज झाल्यावर लिहीत बसले आहे. तिथे असताना मी मुंगीच्या मागे मुद्दाम चमचा पाडून बघायची. ती दर वेळी वळायची. तिच्या कानांची काळजी मला पुढची वीस-पंचवीस वर्षं पुरेल, तेवढी मी जगणार नाही. जावयाचा रोज संध्याकाळी फोन येतो. पोर जेवते का, झोपते का, सगळं सांगतो. एकच गोष्ट मी विचारत नाही, पोरीनं आईला हाक मारली का, ती तोच शेवटी सांगतो.

आज म्हणाला, "दारात बसून तुमच्या नावानं हाका मारत होती. हिनं जवळ घेतलं, तर गप्प झाली."

"आणि?"

"आणि काही नाही, आई. अजून टोकच ओढते."